तिसरीतला भागाकार

लिहायला बसले की माझं मराठी इस्त्री करून येतं, आणि बोलायला लागले की रायपूरचं होऊन जातं. हा लेख मी बोलल्यासारखाच लिहून राहिले आहे, तेव्हा मधेमधे हिंदी येईल, थोडी छत्तीसगढी येईल, त्याला माझा नाइलाज आहे. संपादकांनी नोकरीतल्या गमतीजमती मागितल्या होत्या. मी म्हटलं, भाऊ, माझ्या नोकरीत गंमत चिमूटभर आणि भीती परातभर. ते म्हणाले, मग भीतीच लिहा. घ्या तर मग.

मी मेश्राम मॅडम. शिक्षण खात्यात गणिताची शिक्षिका म्हणून लागले आणि शेवटची बरीच वर्षं राजधानीतल्या अशा एका दफ्तरात काढली, जिथे कोणत्या वर्गात काय शिकवायचं ते ठरतं. माझं काम मिलानचं. चौबे कॉलोनीतल्या आमच्या शेजारच्या भाभींना कित्येक वर्षं वाटत होतं की मी कुंडल्या जुळवते. एकदा तर भाचीची पत्रिकाच घेऊन आल्या. मी त्यांना सांगितलं की भाभी, माझ्याकडे नवरा-नवरी नसतात, दिल्ली आणि छत्तीसगड असतात, आणि त्यांचे गुण जुळोत न जुळोत, लग्न आधीच लागलेलं असतं. त्या हसल्या नाहीत, पत्रिका मात्र परत घेऊन गेल्या.

तर मिलान म्हणजे काय? पोरगं अमुक वर्ग संपवेल तेव्हा त्याला काय आलं पाहिजे, ते एकेका वाक्यात लिहिलेलं असतं. 'तीन अंकी संख्यांची वजाबाकी करतो.' 'गोष्ट वाचून आपलं मत सांगतो.' या वाक्यांना आम्ही मानक म्हणतो. भाषेची वेगळी, गणिताची वेगळी. दिल्लीने सगळ्या देशासाठी एक यादी केलेली असते आणि राज्याची स्वतःची एक असते. दोन्ही शेजारी ठेवायच्या, दिल्लीचं एकेक वाक्य घ्यायचं, आपल्यात ते आहे का ते शोधायचं आणि तिसऱ्या रकान्यात लिहायचं: समान, आंशिक, नाहीतर 'नाही'. पहिल्या दिवशी मला वाटलं, हे तर तांदूळ निवडण्यासारखं काम, बसल्या बसल्या होऊन जाईल.

हे काम जोडीने चालायचं. एकाने दिल्लीचं वाक्य मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने राज्याच्या यादीत शोधायचं आणि सापडलं की म्हणायचं, 'हव'. हव म्हणजे छत्तीसगढीत हो. माझे जोडीदार देवांगन सर, पुरानी बस्तीचे, भाषा विषयाचे जाणकार आणि माणूस देवासारखा. पण त्यांना सगळंच सापडायचं. मी वाक्य पुरं वाचायच्या आधी त्यांचं हव येऊन जायचं. एकदा मी वाचलं, 'गोष्ट वाचून आपलं मत सांगतो.' सर म्हणाले, हव. मी विचारलं, कुठे आहे? त्यांनी बोट ठेवलं ते वाक्य होतं, 'शिक्षकाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो.' मी म्हटलं, सर, मत आणि उत्तर एक कसं होईल? त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "इहां त एके हे, बहिनी." इथे तर एकच आहे.

मला हसू आलं, पण ते खोटं नव्हते बोलत. आमच्या दफ्तरात मत आणि उत्तर खरंच एक होतं, आणि ते काय असावं हे आधी वरून ठरून यायचं. समान लिहिलं की फाइल पुढे सरकते. आंशिक लिहिलं की फाइल परत येते आणि तिच्या मागोमाग प्रश्न येतो, काहून, म्हणजे का? कोणाच्या काळात राहून गेलं, कोणी पाहिलं नाही, कोणाची सही आहे? म्हणून आंशिक हा शब्द लोक तोंडातसुद्धा आणत नसत. नवीन माणसाला तर पहिल्याच आठवड्यात चहाच्या टपरीवर सांगितलं जायचं की दीदी, पेन हलका ठेवा. मी मुळातच भित्री बाई. माझे वडील गोंदियाकडून रेल्वेच्या नोकरीत इथे आले. त्यांची शिकवण एकच होती, की सरकारी नोकरीत काम दिसलं पाहिजे, तोंड दिसता कामा नये. माझा पेन हलकाच होता.

दिल्लीहून एकदा एक तज्ज्ञ बाई आल्या होत्या. बारीक आवाज, सुती साडी, आणि हातात आमचा तो तीन रकान्यांचा तक्ता. पानं उलटता उलटता त्यांनी विचारलं की सगळंच समान कसं? बाकीच्या राज्यांत कुठे कमी असतं, कुठे जास्त असतं, तुमच्याकडे काहीच कसं नाही? आमचे साहेब हसले आणि म्हणाले की मॅडम, आमचं छत्तीसगड छोटं आहे पण मेहनती आहे. बाई पोहे न खाताच गेल्या, आणि नंतर साहेबांनी आम्हा प्रत्येकाकडे एकेकदा पाहिलं. नुसतं पाहिलं. ते कधी ओरडत नसत. ओरडणाऱ्या साहेबाची भीती वाटत नाही, तो थकतो. हे थकणारे नव्हते.

त्यातला गणिताचा तक्ता मात्र मी दफ्तरात यायच्या आधी तयार झाला होता. तो करणाऱ्यांपैकी देवांगन सर तेवढे उरले होते, बाकीचे कोणी बदलून गेले, कोणी निवृत्त झाले. मला तो पुढच्या वर्षासाठी नव्याने करायला दिला तेव्हा मी गणिताच्या पानांवर अडले. दिल्लीची यादी वर्गवार होती, तिसरीची वेगळी, चौथीची वेगळी, पाचवीची वेगळी. आपली राज्याची यादी तशी नव्हती. तिच्यात तिसरी, चौथी, पाचवी एकत्र बांधलेल्या होत्या, 'पाचवीअखेर हे सगळं आलं पाहिजे' अशी. त्यात चूक काहीच नाही. खेड्यात एकच बाई तिन्ही वर्ग एका खोलीत घेऊन बसते, हे ज्यांना ठाऊक होतं अशा शहाण्या माणसांनी ती यादी केली होती. पोरगं या वर्षी नाही शिकलं तर पुढच्या वर्षी त्याच खोलीत शिकेल, हा त्यातला विचार.

पण मिलान करताना नुसतं वाक्य पाहिलं, वर्ग पाहिलाच नाही. दिल्ली म्हणते, तिसरीचं पोर वाटणीची तोंडी उदाहरणं भागाकाराने सोडवतं. आपल्या यादीत भागाकार आहे का? हव. समान. आता दोन आयांनी आपापल्या पोरीचं सांगावं, एक म्हणते दहाव्या वर्षी पोळी आली पाहिजे, दुसरी म्हणते लग्नापर्यंत आली पाहिजे. दोघींच्या बोलण्यात पोळी आहे, म्हणून दोघी एकच बोलून राहिल्या असं कोणी म्हणेल का? आपल्या पुस्तकात भागाकार चौथीत येतो. तिसरीतल्या पोरांनी त्याचं चिन्हसुद्धा पाहिलेलं नसतं. आणि दिल्लीला कळवलेलं होतं, समान.

मी देवांगन सरांना दाखवलं. त्यांनी पाहिलं आणि पान मिटलं. मग हळूच म्हणाले की बहिनी, यावर माझी सही आहे, रिटायर व्हायला थोडं राहिलं आहे, पुढच्या वेळी सुधारून टाकू, आत्ता कोणाला सांगू नको. मी म्हटलं, बरं. खरंच मला त्यात काही वाईट वाटलं नाही. कागदावर काय, हजार गोष्टी असतात. कागदाने कोणाचं नुकसान केलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

त्यानंतर राज्यभर तिसरीची एक चाचणी झाली. प्रश्न दिल्लीच्या यादीवरून काढलेले, कारण आपलं सगळं समान आहे हे आम्हीच कळवलेलं. चाचणी कशी चालते ते पाहायला दफ्तरातून माणसं गावोगाव पाठवली. माझ्या वाट्याला अभनपूरच्या पुढचं एक गाव आलं. तिथल्या बाई साहू दीदी. चाळिशीच्या आसपासच्या, केस घट्ट बांधलेले, आधी ठेक्यावर होत्या आणि मोठ्या मुश्किलीने पक्क्या झालेल्या. तीन वर्ग एका खोलीत, भिंतीवर गेरूने पाढे लिहिलेले, खोली सारवल्यासारखी स्वच्छ. त्यांची पोरं वजाबाकी अशी करत होती की मी पाहतच राहिले. मी गणिताची बाई आहे, शिकवलेलं पोरगं आणि घोकवलेलं पोरगं मला दुरून कळतं. ही शिकवलेली होती.

मग पेपर वाटले. गणितात वाटणीची उदाहरणं, भाषेत एक कधी न वाचलेला उतारा आणि खाली 'तुमचं मत लिहा'. हिंदीत. ती पोरं घरी छत्तीसगढी बोलतात, हिंदी त्यांच्यासाठी पुस्तकातली भाषा. पोरांनी पेपर उलटापालटा करून पाहिला. मग सगळ्या पेन्सिली एकदम चालू लागल्या. मला वाटलं, वा, येऊन राहिलं दिसते. मी वाकून पाहिलं तर पोरं प्रश्नच उतरवून काढत होती. उत्तराच्या जागी प्रश्न, सुवाच्य अक्षरात, एकही काना-मात्रा न चुकवता. शेवटच्या रांगेत एक पोट्टी लिहिता लिहिता रडत होती, आवाज न करता, आणि पेन्सिल थांबवत नव्हती. मी साहू दीदींकडे पाहिलं. त्या माझ्याजवळ येऊन कुजबुजल्या की मीच यांना सांगितलं आहे, काही आलं नाही तरी कागद कोरा ठेवू नका, कोरा पाहिला की साहेब लोक रागावतात.

परत येताना गाडीत मला कसंतरीच होत होतं.

निकाल लागला तेव्हा तशा कितीतरी शाळा खाली होत्या. पण साहू दीदींच्या शाळेचे पेपर कोणीतरी साहेबांना दाखवले. सगळ्या पोरांनी एकसारखा प्रश्न उतरवलेला. साहेबांना ती थट्टा वाटली. कोणीतरी पोरांना हे मुद्दाम शिकवलं आहे, वरून येणाऱ्या चाचणीची टिंगल केली आहे, असा अर्थ निघाला. एकाला धडा शिकवला की बाकीचे सरळ होतात, हे खात्याचं जुनं औषध. दीदींना निलंबित करायचं ठरत आलं होतं. त्याआधी सुनावणी म्हणून त्यांना रायपूरला बोलावलं, आणि मानकांचा विषय आहे म्हणून देवांगन सरांना आणि मलाही तिथे बसायचं होतं.

आता यातली मेख मला दिसत होती आणि देवांगन सरांना दिसत होती, तिसऱ्या कोणाला नाही. तक्ता समान म्हणतो तर दीदी दोषी, कारण राज्याने शिकवायला सांगितलेलं त्यांनी शिकवलं नाही. तक्ता चुकला असेल तर दफ्तर दोषी, कारण जे तिसरीत शिकवायला सांगितलंच नव्हतं त्याची परीक्षा घेतली. मधलं काही नव्हतं. एकतर त्या बाईची नोकरी, नाहीतर आमची अब्रू.

मी घरी यांना सांगितलं. आमचे हे रेल्वेत गार्ड होते, बोलायला कमी आणि ऐकायला त्याहून कमी. पण त्या दिवशी त्यांनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"तू काहून मधात पडून राहिली? तुह्या पेन्शनचे कागद त्याच सायबाच्या सहीले जाणार हायेत."

मी म्हटलं, "आणि तिची नोकरी?"

"तिची नोकरी तू नाही खाल्ली."

हे खरंच होतं. मी खाल्ली नव्हती. आमच्या पोट्ट्याने आतून हिंदीत सांगितलं की मम्मी, पापा सही बोल रहे हैं, चुप रहना. घरात ज्या दोघांचं कधी जमलं नाही त्यांचं त्या दिवशी जमलं. मी भाजी फोडणीला टाकली आणि मीठ टाकलं की नाही ते आठवेना.

सुनावणीच्या दिवशी साहू दीदी आमच्या आधी येऊन बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. अंगावर ठेवणीतली साडी, मांडीवर पिशवी. मला पाहून उभ्या राहिल्या, नमस्कार केला आणि विचारलं की मॅडम, घरी मुलींना काय सांगून येऊ कळत नव्हतं म्हणून मीटिंग आहे असं सांगून आले, फार वेळ लागेल का? मी म्हटलं, नाही लागणार. मला काय ठाऊक होतं?

मग आत बोलावलं. साहेबांनी दीदींना बसायला सांगितलं नाही, पण पाणी द्यायला सांगितलं. मग अगदी शांतपणे, घरातलं विचारावं तसं विचारलं की वर्गात भागाकार शिकवला होता का? दीदी म्हणाल्या, नहीं सर. काहून नाही? दीदींना सांगताच येईना की पुस्तकात नव्हता. त्यांना वाटलं असेल, पुस्तकाचं नाव घेणं म्हणजे साहेबांनाच बोलणं. त्यांनी ग्लासासकट हात जोडले.

"गलती मेरी है सर. मैं ही नहीं पढ़ा पाई."

देवा, किती सोपं झालं होतं सगळं. तिने स्वतःच कबूल केलं. आता मला खोटं बोलायचीही गरज नव्हती, नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात तर माझा सारा जन्म गेला होता. साहेबांनी तक्ता माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले की मॅडम, नोंदीसाठी तेवढं सांगून टाका, हे दोन्ही समान आहे ना. विचारलं नाही, सांगितलं. माझी जीभ टाळूला चिकटली. मी दीदींकडे पाहायचं टाळत होते, तर त्यांच्या हातातला पाण्याचा ग्लास दिसला. त्यातलं पाणी त्यांनी अजून तोंडाला लावलं नव्हतं. मला त्या क्षणी जी भीती वाटली ती साहेबांची नव्हती. हे आत्ता होऊन जाईल आणि मी पुढे रोज भाजी-पोळी करत राहीन, याची होती.

मी म्हटलं, "समान नाही, सर."

मराठीतच बोलून गेले. भीतीत माणूस आईच्या भाषेत जातो, त्याला काय करणार. साहेबांनी भुवया उचलल्या, तेव्हा मी हिंदीत सांगितलं.

"समान नहीं है, सर. दिल्ली का तीसरी का है. हमारा पाँचवीं तक का है. हमारी किताब में भाग चौथी में आता है. इन्होंने वही पढ़ाया जो हमने कहा था."

आवाज माझा नव्हता, कुठल्या तरी बकरीचा होता. साहेबांनी मला काही विचारलं नाही. देवांगन सरांकडे वळले. सर टेबलाकडे पाहत होते. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या. मला वाटलं, हा माणूस आता मला बुडवणार, आणि बुडवलं तरी मी त्यांना दोष देणार नाही, त्यांची सही होती.

ते म्हणाले, "हव, सर. मैडम ठीक कहती हैं. मिलान हमसे गलत हुआ."

साहेबांनी तक्ता मिटला. रागावले नाहीत. एखाद्याने घड्याळ मागे आहे सांगावं आणि आपण काटा फिरवून घ्यावा, तितक्याच सहज त्यांनी एक वाक्य उच्चारलं.

"तो फिर समान कर दीजिए."

सुनावणी संपली. दीदींवर कारवाई झाली नाही. बाहेर येऊन त्या माझ्या पाया पडायला लागल्या, मी त्यांना धरलं, आणि दोघीही बाकावर बसून रडलो. शिपाई पाहत होता, पाहू दे म्हटलं. देवांगन सर आमच्यासाठी चहा सांगून आले. त्यांच्या तोंडावर हसू होतं. बहिनी, म्हणाले, आज पहिल्यांदा खरं हव म्हटलं. त्या दिवशी मी घरी चालत गेले, इतकं हलकं वाटत होतं. यांना सांगितलं, तर यांनी कपाळावर हात मारला आणि मग स्वतः उठून चहा केला. माझ्या नोकरीतला अभिमानाचा दिवस विचाराल तर तो तेवढाच.

साहेबांच्या त्या वाक्याचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला. मी समजले होते की चाचणी आपल्या यादीप्रमाणे होईल, नाहीतर निदान तक्त्यात आंशिक लिहितील. तसं काही नव्हतं. राज्याची यादीच बदलायची होती. तिसरी-चौथी-पाचवीची ती एकत्र बांधलेली मोळी सोडायची, दिल्लीसारखी वर्गवार करायची, आणि भागाकार तिसरीत आणून ठेवायचा. मी विचारलं, पुस्तक? ते पुढे बघू. शिक्षकांचं प्रशिक्षण? तेही पुढे. एका खोलीत तीन वर्ग घेणारी बाई हे कधी शिकवणार? त्यावर मला सांगण्यात आलं की मॅडम, आपल्याच सांगण्यावरून तर करून राहिलो. आपणच म्हणालात ना, कमी आहे म्हणून?

मी कमी आहे असं म्हटलं नव्हतं. समान नाही, म्हटलं होतं. हा फरक मी निवृत्त होईपर्यंत ज्याला त्याला सांगत राहिले. काही ऐकून घेत, काही घड्याळ पाहत. देवांगन सर आधी निवृत्त झाले, मग मी. माझ्या पेन्शनच्या कागदावर साहेबांनी एका दिवसात सही केली, हेही सांगायला हवं. माणूस वाईट नाही. त्यांनाही वर कोणाची तरी भीती असेल, आणि त्या वरच्याला आणखी वरच्याची. ती उतरत उतरत शेवटच्या रांगेतल्या पोट्टीपर्यंत येते, आणि तिच्या खाली तर कोणी नाही.

गेल्या महिन्यात साहू दीदींचा फोन आला. अधूनमधून येतो, सणावाराला. या वेळी सण नव्हता. त्यांनी सांगितलं की दिवाळीनंतर तिसरीची चाचणी पुन्हा आहे. नवीन पुस्तकं अजून आली नाहीत, जुन्यातच शिकवून राहिले. भागाकार सुरू केला आहे, चिंचोके वाटून, चणे वाटून, पण चौथी-पाचवीची पोरं तोवर बसून राहतात. तिसरीची पोरं आत्तापासूनच विचारतात की दीदी, नाही आलं तर काय लिहायचं? एक पोरगी शाळेत यायचीच बंद झाली. तिच्या घरी गेले तर पलंगाखाली जाऊन बसली, म्हणाली पेपर झाला की येईन.

मी धीर धरा म्हटलं. त्या म्हणाल्या, "मैडम, तब तो आपने बोल दिया था कि समान नहीं है. अब तो कागज में समान हो गया. अब कौन बोलेगा?"

टोमणा नव्हता त्यात. खरंच विचारून राहिल्या होत्या. मी म्हटलं, मी येते. त्या म्हणाल्या, आप तो रिटायर हो गईं. तेही खरंच. त्या खोलीत आता मला कोणी बोलावणार नाही, आणि तक्ता पाहिला तर त्यात चूक काढायला जागा नाही. वाक्य तेच, वर्ग तोच. या वेळी तिला दोषी धरलं तर कागद तिच्या बाजूने एक अक्षर बोलणार नाही. फोन ठेवल्यापासून मला झोप लागत नाही, आणि मी गोळ्या घेणाऱ्यांतली बाई नाही.

म्हणून संपादकांना म्हटलं, हा लेख घ्याच, आणि अंक लवकर काढा. आपले साहेब मराठी वाचत नाहीत हे मला माहीत आहे. पण रायपुरात मराठी घरं काय थोडी आहेत? तात्यापाऱ्यात आहेत, आमच्या कॉलोनीत आहेत, सचिवालयात आपली किती पोरं बसतात. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाचं ना कोणाचं त्या दफ्तरात येणं-जाणं असेल. त्यांना हात जोडून सांगते, चाचणीच्या आधी एकदा आत जा आणि साहेबांना तुमच्या तोंडाने, हिंदीत, सांगा की गावातल्या शाळेच्या वर्गात ते अजून समान झालेलं नाही. भीती वाटेल. जीभ टाळूला चिकटेल. तरी सांगा, कारण या वेळी ती बाई पुन्हा हात जोडून म्हणणार आहे, गलती मेरी है सर, आणि शेजारच्या खुर्चीवर मी नसेन.